मूत्रातील प्रोटीएज-रोधक : जनुक, औषध आणि पुरावा – एक चिकित्सक परीक्षण

सारांश

मानवी शरीरातील द्रवांमध्ये प्रथिनांचे विघटन करणारी विकरे असतात, तशीच त्या विकरांना आवर घालणारी रोधक प्रथिनेही असतात. मूत्रात आढळणारे बिकुनिन हे अशांपैकी एक प्रथिन होय. त्यापासून तयार केलेले युलिनास्टॅटिन हे औषध महाराष्ट्रातील एका कंपनीने भारतात उपलब्ध केले आणि सेप्सिसवरील त्याच्या उपयोगाची भारतीय चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या प्रथिनाचे जनुक, त्याची नावे, त्यावर आधारलेले औषध आणि त्या औषधासाठी दिला जाणारा पुरावा यांचे क्रमाने परीक्षण केले आहे. जनुकाची ओळख पटणे, प्रथिनाचे कार्य कळणे आणि औषधाचा गुण सिद्ध होणे या तीन स्वतंत्र पायऱ्या असून त्यांची सरमिसळ होऊ नये, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रोटीएज-रोधक, बिकुनिन, युलिनास्टॅटिन, सेप्सिस, वैद्यकीय पुरावा

१. प्रस्तावना

जीवशास्त्राच्या अध्यापनात विकरांना जितके स्थान मिळते तितके त्यांच्या रोधकांना मिळत नाही. विद्यार्थ्याला ट्रिप्सिन ठाऊक असते. परंतु स्वादुपिंडात निर्माण होणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडालाच का पचवत नाही, हा प्रश्न त्याच्यासमोर क्वचितच ठेवला जातो. वस्तुतः विघटन आणि विघटनाला आळा यांच्या समतोलावरच शरीराचे व्यवहार चालतात. रक्त गोठते ते विकरांच्या साखळीमुळे आणि ते हवे तेथेच गोठते ते रोधकांमुळे. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंशी लढताना श्वेतपेशी इलॅस्टेज हे विकर सोडतात. त्याच विकराने फुप्फुसाची स्वतःची ऊती नष्ट होऊ नये म्हणून रक्तद्रवातील अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि श्वसनमार्गातील श्लेष्म्यात असणारी रोधके पहारा देत असतात. लाळ आणि अश्रू यांत सिस्टॅटिन गटाची रोधके आढळतात. वीर्य व दूध हे द्रवही याला अपवाद नाहीत.

या रोधकांची जनुके मानवी जनुकसंचात विखुरलेली असून रचनेवरून त्यांची कुळे पाडली जातात. सर्पिन, कुनिट्झ, काझाल आणि सिस्टॅटिन ही त्यांतील प्रमुख कुळे होत. अशी रोधके केवळ प्राण्यांतच असतात असे नाही. कोकणातील घरोघरी शिजणाऱ्या कुळथातही ट्रिप्सिन रोखणारी प्रथिने असतात आणि कडधान्ये भिजवून, मोड आणून, शिजवून खाण्याच्या आपल्या रीतीमुळे त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. म्हणजेच विषय प्रयोगशाळेचा असला, तरी तो आपल्या स्वयंपाकघरापासून दूर नाही.

प्रस्तुत लेखात यांपैकी एकाच प्रथिनाची निवड केली आहे. बिकुनिनच्या निवडीमागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे या प्रथिनाचा प्रवास जनुकापासून थेट महाराष्ट्रातील अतिदक्षता विभागांपर्यंत झालेला आहे. दुसरे म्हणजे या प्रवासात विज्ञानाच्या नावाने केल्या जाणाऱ्या विधानांची पारख करण्याची संधी मिळते. महाविद्यालयीन प्राध्यापकाने, त्याचा विषय कोणताही असो, अशी पारख करणे आज अगत्याचे झाले आहे.

२. एक जनुक, दोन प्रथिने

बिकुनिनचे जनुक मानवी नवव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. ‘एएमबीपी’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. त्याच्या दहा सांकेतिक खंडांपैकी पहिले सहा खंड अल्फा-१-मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचे असून उरलेले चार बिकुनिनचे आहेत. यकृताच्या पेशीत ही दोन्ही प्रथिने प्रथम एकाच अखंड साखळीच्या रूपात तयार होतात आणि मग पेशीतील एक विकर ती साखळी मधोमध तोडते. प्रथिनांचे विघटन रोखणारे प्रथिन स्वतः मात्र एका प्रोटीएजच्या कृपेनेच मोकळे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या दोन प्रथिनांचा परस्परांशी कार्याच्या दृष्टीने स्पष्ट संबंध दिसत नाही. पहिले प्रथिन लिपोकॅलिन कुळातील असून ते हीमसारखे रेणू बांधून ठेवते. दुसरे कुनिट्झ कुळातील रोधक आहे. तरीही पृष्ठवंशीय प्राण्यांच्या उत्क्रांतीत ही जोडी टिकून राहिली आहे. ‘एक जनुक म्हणजे एक प्रथिन आणि एक प्रथिन म्हणजे एक कार्य’ असे समीकरण अजूनही अनेक टिपणवह्यांत आढळते. त्या समीकरणाचा अपुरेपणा दाखवण्यासाठी यापेक्षा सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण आहे.

रक्तद्रवातील बहुतेक बिकुनिन मोकळे नसते. त्याला कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची एक शर्करासाखळी जोडलेली असते आणि त्या साखळीवर आणखी एक किंवा दोन जड प्रथिने बसलेली असतात. या संयुगाला आंतर-अल्फा-रोधक असे म्हणतात. दाह उत्पन्न झाला की श्वेतपेशींचे इलॅस्टेज या संयुगाचे तुकडे करते, बिकुनिन सुटे होते आणि आकाराने लहान असल्यामुळे मूत्रावाटे बाहेर पडते. निरोगी माणसाच्या मूत्रात त्याचे प्रमाण लिटरमागे काही मिलिग्रॅम इतके अल्प असते. जंतुसंसर्गात ते वाढते. मूत्रात ट्रिप्सिन रोखणारा घटक असल्याची नोंद १९०९ सालीच झाली होती. त्या घटकाचे जनुक समजण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

३. नावांची चिकित्सा

विज्ञानातील नाव हे वस्तूचे वर्णन असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या क्षेत्रातील नावे तपासली तर असे दिसते की ती वस्तूपेक्षा शोधाच्या इतिहासाचे वर्णन करतात. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे नाव ते प्रथिन ट्रिप्सिनला रोखते म्हणून पडले. शरीरात मात्र त्याचे मुख्य लक्ष्य श्वेतपेशींचे इलॅस्टेज हे आहे. कुनिट्झ हे नाव मोझेस कुनिट्झ या संशोधकाचे असून गाईच्या स्वादुपिंडातील रोधक त्यांनी नॉर्थ्रॉप यांच्यासह १९३६ साली स्फटिकरूपात मिळवला. ‘बिकुनिन’ म्हणजे ज्यात कुनिट्झ धाटणीचे दोन घटक आहेत असा रोधक. हे नाव रचना सांगते, परंतु कार्याविषयी मौन पाळते.

औषधाच्या नावाने तर अधिकच गोंधळ होतो. युलिनास्टॅटिन या नावातील ‘स्टॅटिन’ हा अंश थांबवणारे या अर्थाचा आहे; परंतु रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटाच्या गोळ्या आज घरोघरी परिचित झाल्या असल्यामुळे सामान्य वाचक या दोहोंचे नाते जोडू शकतो. असे कोणतेही नाते नाही.

‘रोधक’ हा शब्दही चिकित्सेच्या कक्षेतून सुटू नये. बिकुनिन हे ट्रिप्सिन, प्लाझ्मिन, इलॅस्टेज अशा अनेक विकरांना परीक्षानळीत रोखते हे खरे. तथापि बिकुनिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांवर २००१ साली जे संशोधन प्रसिद्ध झाले त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. अशा मादी उंदरांची प्रजननक्षमता अत्यंत खालावली होती. याचे कारण प्रोटीएजच्या अनिर्बंध कार्यात नव्हते. अंडपेशीभोवतीच्या पेशींचे आवरण ज्या हायलुरोनिक आम्लाच्या जाळ्याने एकत्र राहते, त्या जाळ्याला बळकटी देणारी जड प्रथिने बिकुनिनच्या शर्करासाखळीवरून तेथे पोहोचतात. बिकुनिन नसल्यामुळे हा पुरवठा तुटला आणि आवरण विस्कटले. थोडक्यात, ज्याला आपण रोधक म्हणतो ते प्रथिन येथे वाहकाचे काम करत होते. नावाने सांगितलेले कार्य हे अनेक कार्यांपैकी एक असू शकते आणि ते सर्वांत महत्त्वाचे असेलच असे नाही.

मराठीत परिभाषा घडवताना ही बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर केले तर त्या नावातील ऐतिहासिक अपघातही आपण मराठीत कायमचा रुजवतो. अशा वेळी प्रथिनाचे विशेषनाम लिप्यंतर करून तसेच ठेवावे आणि त्याचे कार्य स्वतंत्र वाक्यात सांगावे, हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

४. मूत्रापासून कुपीपर्यंत

मानवी मूत्रातून शुद्ध केलेले युलिनास्टॅटिन जपानमध्ये मोचिदा या कंपनीने १९८५ साली बाजारात आणले. स्वादुपिंडाचा तीव्र दाह आणि रक्ताभिसरण कोलमडण्याची अवस्था या स्थितींत ते तेथे वापरले जाऊ लागले. पुढे चीनमध्येही त्याचा प्रसार झाला. भारतात हे औषध भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या महाराष्ट्रातील कंपनीने ‘यू-ट्रिप’ या नावाने आणले. अंबरनाथ येथे कारखाना असलेली ही कंपनी २०२४ साली मॅनकाइंड फार्माने विकत घेतली.

औषधामागील तर्क सुबोध आहे. सेप्सिसमध्ये जंतुसंसर्गाला दिलेला शरीराचा प्रतिसाद बेताल होतो, श्वेतपेशींची विकरे स्वतःच्याच ऊतींवर उलटतात आणि एकामागून एक अवयव निकामी होऊ लागतात. दाहात बिकुनिन वाढते. तेव्हा शरीर जे आपण होऊन करते आहे त्यालाच बाहेरून हातभार लावावा, असा हा विचार आहे. बिकुनिन नसलेल्या उंदरांना जंतूंचे विषद्रव्य दिले असता ती अधिक संख्येने दगावतात, असे प्रयोगही या विचाराला पोषक ठरले.

तथापि येथे एक तार्किक सावधगिरी आवश्यक आहे. एखादा घटक रोगात वाढतो, याचे तीन अर्थ संभवतात. तो बचावासाठी वाढत असेल. तो रोगाला कारण होत असेल. किंवा तो केवळ मोडतोडीचा अवशेष असेल. बिकुनिन सुटे होते ते मूळ संयुग इलॅस्टेजने तोडल्यामुळे. म्हणून मूत्रातील त्याची वाढ ही काही अंशी तरी तिसऱ्या प्रकारची आहे हे मान्य करावे लागते. याशिवाय औषधाची मात्रा ज्या एककात मोजली जाते ते एकक परीक्षानळीत ट्रिप्सिन रोखण्याच्या क्षमतेवर ठरवलेले आहे. दोन लक्ष एकके ही संख्या भारदस्त वाटली तरी रुग्णाच्या शरीरात होणाऱ्या हिताचे ते माप नव्हे.

५. २०१४ च्या चाचणीचे परीक्षण

तर्काची अंतिम कसोटी रुग्णावरच लागते. दिलीप कर्नाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील रुग्णालयांत केलेली चाचणी २०१४ साली ‘इंटेन्सिव्ह केअर मेडिसिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचे प्रायोजकत्व औषधनिर्मात्या कंपनीकडे होते. तीव्र सेप्सिसमुळे किमान एक अवयव निकामी झालेल्या १२२ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. ५९ रुग्णांच्या वाट्याला युलिनास्टॅटिन आले, तर ६३ जणांच्या वाट्याला निष्क्रिय द्रव्य. औषध दर बारा तासांनी दोन लक्ष एकके याप्रमाणे पाच दिवस शिरेतून देण्यात आले.

चाचणीचे निष्कर्ष दोन पद्धतींनी मांडलेले आहेत. सहा किंवा अधिक मात्रा मिळालेल्या ११४ रुग्णांपुरतेच पाहिले तर २८ दिवसांतील मृत्यू औषधाच्या गटात ५५ पैकी ४, म्हणजे ७.३ टक्के, आणि दुसऱ्या गटात ५९ पैकी १२, म्हणजे २०.३ टक्के होते. या फरकाचे पी-मूल्य ०.०४५ येते. मूळ विभागणी झालेल्या सर्व १२२ रुग्णांचा हिशेब केला तर मृत्यू अनुक्रमे ५९ पैकी ६, म्हणजे १०.२ टक्के, आणि ६३ पैकी १३, म्हणजे २०.६ टक्के होतात, पी-मूल्य ०.११ येते. संख्याशास्त्राच्या रूढ संकेतानुसार पहिला फरक लक्षणीय ठरतो आणि दुसरा ठरत नाही. संशोधकांनी दोन्ही आकडे लेखाच्या सारांशातच उघडपणे दिले आहेत, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे आणि तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अनुचित ठरेल.

प्रश्न असा की, यांपैकी कोणता आकडा प्रमाण मानावा? यादृच्छिक विभागणीचे सारे सामर्थ्य दोन गट आरंभी समान असण्यात आहे. विभागणीनंतर काही रुग्ण वगळले की ती समानता ढळते. सहावी मात्रा मिळण्यासाठी पहिल्या मात्रेनंतर साठ तास जावे लागतात. अर्थात ‘सहा मात्रा’ या अटीतच ‘किमान अडीच दिवस जिवंत राहणे’ ही अट दडलेली आहे. जे रुग्ण त्याआधी दगावले असतील ते या हिशेबातून आपोआप बाहेर जातात. सेप्सिससारख्या, पहिल्या काही तासांतच निर्णायक ठरणाऱ्या आजारात अशी अट निरुपद्रवी मानता येत नाही.

वगळलेल्या रुग्णांचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. दोन्ही गटांतून प्रत्येकी चार, असे आठ रुग्ण वगळले गेले. औषधाच्या गटातील वगळलेल्या चौघांपैकी दोघे दगावले होते. दुसऱ्या गटातील चौघांपैकी एक. एकूण तीन मृत्यू हिशेबाबाहेर गेले आणि ‘लक्षणीय नाही’ याचे ‘लक्षणीय आहे’ असे झाले. इतकेच नव्हे, तर वगळल्यानंतरच्या गणितातही औषधाच्या गटात चारऐवजी पाच मृत्यू झाले असते, तर त्याच कसोटीने पी-मूल्य सुमारे ०.०९ आले असते. एका रुग्णाच्या जगण्या-मरण्यावर ज्याची लक्षणीयता अवलंबून आहे, तो निष्कर्ष ठिसूळच म्हटला पाहिजे.

सर्व रुग्णांच्या हिशेबावरून विश्वासमर्यादा काढली असता असे दिसते की, हे औषध दिल्याने दर शंभर रुग्णांमागे सुमारे तेवीस मृत्यू टळू शकतात, किंवा सुमारे दोन मृत्यू वाढूही शकतात. चाचणीची आकडेवारी या दोन्ही टोकांशी सुसंगत आहे. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते की नाही, हे ऐंशी टक्के खात्रीने शोधायचे तर प्रत्येक गटात सुमारे दोनशे रुग्ण हवेत. प्रत्यक्षात दोन्ही गट मिळून त्याच्या एकतृतीयांशापेक्षाही कमी रुग्ण होते. म्हणून ‘औषधाचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्षही या चाचणीवरून काढता येत नाही. उपयोग होत असल्यास तो निश्चितपणे दिसेल एवढी ही चाचणी मोठी नव्हती, इतकेच म्हणता येते.

चाचणीची जमेची बाजूही पाहिली पाहिजे. नव्याने अवयव निकामी होण्याची घटना औषधाच्या गटात १० रुग्णांत आणि दुसऱ्या गटात २६ रुग्णांत घडली. कृत्रिम श्वसनाविना गेलेले दिवस औषधाच्या गटात सरासरी १९.४, तर दुसऱ्या गटात १०.२ होते. रुग्णालयातील वास्तव्य सरासरी ११.८ दिवसांचे झाले. दुसऱ्या गटात ते २४.२ दिवसांचे होते. हे फरक दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ते एकाच दिशेला बोट दाखवतात आणि मोठ्या चाचणीची निकड सिद्ध करतात. तथापि निकड सिद्ध होणे म्हणजे गुण सिद्ध होणे नव्हे.

६. इतर रोधकांचा अनुभव

लहान चाचणीतील आशादायक आकड्यांविषयी इतके सावध राहण्याचे कारण या क्षेत्राच्या इतिहासातच आहे. अँटिथ्रॉम्बिन हे रक्तद्रवातील सर्पिन कुळाचे रोधक सेप्सिसवर उपयुक्त ठरेल अशी मोठी अपेक्षा होती. २००१ साली २,३१४ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. औषधाच्या गटात ३८.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८.७ टक्के रुग्ण दगावले होते.

याहून बोधप्रद उदाहरण ऊतिघटक-मार्ग-रोधकाचे आहे. तेही बिकुनिनप्रमाणे कुनिट्झ कुळातील आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत पहिल्या ७२२ रुग्णांच्या मध्यंतर हिशेबात मृत्यूचे प्रमाण ३८.९ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर आल्याचे दिसले होते. चाचणी तेथेच थांबली असती तर हे औषध जगभर रूढ झाले असते. ती १,७५४ रुग्णांपर्यंत नेली गेली आणि अखेरीस दोन्ही गटांतील प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ समान निघाले. सातशेहून अधिक रुग्णांत दिसलेला दहा टक्क्यांचा फरक जर विरून जाऊ शकतो, तर १२२ रुग्णांतील तेवढ्याच फरकाविषयी किती खात्री बाळगावी, हे वाचकानेच ठरवावे.

तिसरे उदाहरण ॲप्रोटिनिनचे. गाईच्या फुप्फुसातून काढलेले हे कुनिट्झ रोधक हृदयशस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी करण्यासाठी अनेक वर्षे वापरले गेले आणि रक्तस्राव त्याने खरोखरच कमी होत असे. परंतु कॅनडातील मोठ्या तुलनात्मक चाचणीत ३० दिवसांतील मृत्यू ॲप्रोटिनिनच्या गटात ६ टक्के, तर इतर दोन स्वस्त औषधांच्या गटांत ४ टक्क्यांच्या जवळ दिसून आले. २००७ साली त्याची विक्री स्थगित झाली. युरोपातील औषध-नियामक संस्थेने पुढे २०१२ साली ही स्थगिती मर्यादित उपयोगासाठी उठवण्याची शिफारस केली. पुरावा दोन्ही दिशांनी पुन्हा तपासला जातो, हा यातील धडा आहे. सोयीचे मध्यवर्ती माप सुधारले म्हणजे रुग्ण वाचलाच असे होत नाही, हा दुसरा.

७. ‘मूत्रातील औषध’ आणि शिवाम्बूचे समर्थन

या विषयाला आपल्या समाजात एक वेगळाही संदर्भ आहे. मोरारजी देसाई यांनी स्वमूत्रप्राशनाचा उघड पुरस्कार केला, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात शिवाम्बू चिकित्सेचे अनुयायी आजही आहेत. मूत्रापासून युलिनास्टॅटिन, युरोकायनेज आणि वंध्यत्वावरील संप्रेरके तयार होतात, हे सांगून ‘आधुनिक विज्ञानानेही शिवाम्बूचे महत्त्व मान्य केले’ असा युक्तिवाद व्याख्यानांतून ऐकू येतो. त्याची तपासणी येथे क्रमप्राप्त आहे.

प्रथम, हे सारे पदार्थ प्रथिने आहेत. प्रथिन प्राशन केले की जठर आणि आतडे यांतील विकरे त्याचे पचन करू लागतात. म्हणूनच युलिनास्टॅटिन शिरेतून दिले जाते. द्वितीय, मूत्रातील बिकुनिन अत्यल्प असते आणि औषधाची मात्रा मिळवण्यासाठी पुष्कळ लोकांचे मूत्र गोळा करून ते शुद्ध, संहत व विषाणुमुक्त करावे लागते. तृतीय, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, युरोकायनेज हे प्रोटीएज आहे, तर युलिनास्टॅटिन हे प्रोटीएज-रोधक. परस्परविरुद्ध कार्ये करणारे दोन पदार्थ एकाच द्रवात असतील, तर तो द्रव प्राशन केल्याने कोणता परिणाम व्हावा? अंशाचा गुण संपूर्णाला लावणे हा तर्कदोष आहे. चांदी खाणीच्या मातीत सापडते म्हणून मातीला चांदीचा भाव मिळत नाही.

येथे परंपरेचा उपहास करण्याचा हेतू नाही. आक्षेप आहे तो आधुनिक संशोधनातील एक वाक्य उचलून त्याच्या आधारे भिन्नच विधान करण्याच्या पद्धतीला. आणि तटस्थपणे पाहिल्यास असे म्हणावे लागते की, औषधाच्या प्रचारपत्रकात केवळ ०.०४५ हाच आकडा छापणारा आणि शिवाम्बूच्या व्याख्यानात केवळ युरोकायनेजचे नाव घेणारा, हे दोघे एकाच पद्धतीचे अवलंबन करत असतात.

८. कोकणच्या संदर्भात

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पावसाळ्यात, विशेषतः भातलावणीच्या दिवसांत, लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. रोग बळावला तर मूत्रपिंडे, यकृत आणि फुप्फुसे निकामी होऊ शकतात. असा रुग्ण अनेकदा कोल्हापूर किंवा मुंबई येथे हलवावा लागतो. तेथे अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला वा भावाला महागड्या इंजेक्शनांची चिठ्ठी दिली जाते आणि ‘आणायचे की नाही’ हा निर्णय त्याच्यावर येऊन पडतो. त्या क्षणी त्याला जनुक, रोधक किंवा पी-मूल्य यांविषयी काहीही ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच, की नाही म्हटले तर आयुष्यभर मनाला टोचणी लागेल.

२०१४ ची चाचणी केवळ लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांची नव्हती. त्यामुळे तिचा निष्कर्ष आपल्या भागातील रुग्णांना जसाच्या तसा लागू करणे अवघड आहे. याउलट वेळेवर निदान, योग्य प्रतिजैविक, शिरेतून द्रव आणि निकामी अवयवांना आधार यांची उपयुक्तता वादातीत आहे. कुटुंबाची मर्यादित शक्ती प्रथम कशावर खर्च व्हावी, याचे उत्तर यातून मिळते. वैद्यकीय निर्णय वैद्यकानेच घ्यावा, हे निर्विवाद. परंतु ‘या औषधाने जीव वाचतो हे सिद्ध झाले आहे का, की तशी शक्यता आहे?’ एवढा एक प्रश्न नातेवाइकाला विचारता यावा आणि त्याला त्याचे खरे उत्तर मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. सिद्ध आणि संभाव्य यांतील अंतर समजून घेणारा नागरिक घडवणे हे वैद्यकीय महाविद्यालयाचे नव्हे, तर आपल्यासारख्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांचे काम आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बिकुनिनचे जनुक आणि त्याची रचना यांविषयीचे ज्ञान भक्कम आहे. एका जनुकातून दोन असंबद्ध प्रथिने निर्माण होण्याचे हे उदाहरण पदवी स्तरावर अवश्य शिकवले जावे.

२) ‘प्रोटीएज-रोधक’ हे नाव या प्रथिनाच्या कार्याचे आंशिक वर्णन आहे. मराठी परिभाषा घडवताना नावावरून कार्य गृहीत धरू नये.

३) सेप्सिसमध्ये युलिनास्टॅटिनमुळे मृत्यू कमी होतात, हे २०१४ च्या भारतीय चाचणीने सिद्ध केलेले नाही, ते संभवते, असे तिने दाखवले आहे. पुरेशा रुग्णसंख्येची, औषधनिर्मात्यापासून स्वतंत्र अशी चाचणी हा त्यावरील उपाय आहे. वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी भारतात २००९ पासून बंधनकारक झाली असल्यामुळे, कोणत्या पद्धतीने विश्लेषण होणार हे आधीच जाहीर करणे आता कठीण राहिलेले नाही.

४) मूत्रातील एका शुद्ध प्रथिनाचा औषधी उपयोग हा मूत्रप्राशनाचा पुरावा ठरत नाही.

५) या चाचणीचे चार आकडे – ५९ पैकी ६, ६३ पैकी १३, ५५ पैकी ४ आणि ५९ पैकी १२ – संख्याशास्त्र, जीवशास्त्र आणि तर्कशास्त्र या तिन्ही वर्गांत एकत्रितपणे शिकवता येतील. विद्यार्थ्यांनी ते स्वतः मांडून पाहावेत. कोणाला वगळले आणि का वगळले, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागली, तर पुढे कोणत्याही क्षेत्रातील आकडेवारी समोर आल्यावर ती त्यांच्या उपयोगी पडेल.